‘भरदार, मिरीदार, चुनखडीचा स्पर्श’: माझ्याच एका वाइन-नोंदीची समीक्षा



‘ब्लाइंडिंग म्हणजे नक्की काय, आणि आमच्या विषयात त्याची खरंच गरज असते का?’ असा प्रश्न पेटची तयारी करणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारला होता. त्याला पुस्तकी उत्तर आहे, आणि ते तुम्हाला कुठल्याही रिसर्च मेथडॉलॉजीच्या पुस्तकात सापडेल. मला मात्र तो धडा एका वाइनच्या बाटलीनं शिकवला, म्हणून आज त्या बाटलीबद्दलच लिहिते. वाइन न घेणाऱ्यांनी लगेच पान बंद करू नका. शेवटी तुमच्यासाठी चहा ठेवलाय.

मी पीएचडी करते ते माँपेलिए शहर फ्रान्सच्या दक्षिणेला, लांगदॉक भागात आहे. शहरातून उत्तरेला साधारण २० किलोमीटर गेलं की पिक सँ-लू हा ६५८ मीटर उंचीचा चुनखडीचा सुळका दिसतो आणि त्याच्या पायथ्याशी द्राक्षमळे. इथल्या वाइनला २०१७ मध्ये स्वतंत्र अपेलासियाँ मिळालं. अपेलासियाँ म्हणजे आपल्या जीआय टॅगचाच जरा कडक भाऊ समजा. द्राक्षं कुठली, कुठल्या जातीची, कशी वाढवलेली, सगळ्याला नियम. एका रविवारी लॅबमधली आम्ही चार-पाच जणं तिथल्या एका मळ्यावर गेलो. मालकांनी आधी सुळका दाखवला, मग माती, मग आजोबांच्या काळातला तळघरातला हौद. हे सगळं झाल्यावर पेल्यात वाइन ओतली. मी वहीत लिहिलं:

‘गडद जांभळा रंग. पेल्याच्या कडेवरून दाट अश्रू ओघळतात. नाकाला काळी मिरी, जांभूळ, रानातल्या वनस्पतींचा वास. तोंडात भरदार, रेशमी, चुनखडीचा स्पर्श. चव बराच वेळ रेंगाळते. १०० पैकी ९२.’

वाचायला छान वाटतं ना? मलाही वाटलं होतं. आता हीच नोंद तुमच्याकडे एखाद्या पेपरचा रिझल्ट्स सेक्शन म्हणून आली आहे आणि तुम्ही रिव्ह्यूअर आहात असं समजा. यातलं निरीक्षण कुठलं, आणि मालकांच्या गप्पांमधून आलेलं कुठलं? एकेक शब्द घेऊ.

शब्दांची झडती

आधी वाइन काय आहे ते. ही तीन जातींच्या द्राक्षांची मिश्र वाइन: सिरा ६० टक्के, ग्रेनाश ३० आणि मूरवेद्र १०. अल्कोहोल १४.५ टक्के. दक्षिण फ्रान्समध्ये हे त्रिकूट ठरलेलं आहे, आणि त्यामागे हिशेब आहे. ग्रेनाशला ऊन मानवतं, तिच्यात साखर भरपूर तयार होते, म्हणून अल्कोहोल आणि पिकलेल्या फळाची चव तिच्याकडून येते. पण तिचा रंग फिका. सिरा रंग देते आणि तुरटपणा देते. मूरवेद्र उशिरा पिकते, साल जाड, ती पाठीला कणा देते. एकीचं उणं दुसरीनं भरून काढायचं. माझ्यासारख्या नाशिककडच्या पोरीला सिरा अनोळखी नाही. आपल्याकडे तिला शिराज म्हणतात आणि ती नाशिकच्या मळ्यांतही लावतात.

‘दाट अश्रू’. पेला फिरवला की काचेवर एक पातळ थर चढतो आणि त्याचे थेंब ओघळतात. थरातलं अल्कोहोल आधी उडतं, तिथला पृष्ठताण वाढतो, खालची वाइन वर ओढली जाते आणि वजन पेलेनासं झालं की ओघळते. हे १८५५ मध्ये जेम्स थॉमसन यांनी समजावून सांगितलं, आणि नाव मात्र मारांगोनींचं लागलं. म्हणजे हे निरीक्षण खरं आहे, पण ते अल्कोहोलबद्दल सांगतं, दर्जाबद्दल नाही. १४.५ टक्के हा आकडा तर लेबलवरच छापलेला होता.

‘भरदार’. हा शब्द सगळ्यात अवघड. भरदार म्हणजे तोंडात वजन जाणवणं, पाणी आणि दूध यांतला फरक. या वजनाचं श्रेय बरेच जण ग्लिसरॉलला देतात. ग्लिसरॉल वाइनमध्ये असतं, लिटरला साधारण ५ ते १२ ग्रॅम. पण १९८४ च्या एका प्रयोगात असं दिसलं की वाइनचा दाटपणा वाढल्याचं जिभेला कळायला लिटरला २५ ग्रॅमच्या आसपास ग्लिसरॉल वाढवावं लागतं. तेव्हा माझ्या ‘भरदार’मध्ये ग्लिसरॉलचा हात फारसा नसावा. मुख्य हात अल्कोहोलचा, आणि टॅनिनचा. टॅनिन म्हणजे तेच, जे कच्चं केळं किंवा जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढून धरतं. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि तोंडातलं वंगण कमी होतं. आपल्याकडे याला ‘तुरट’ असा नेमका शब्द आहे. मग मी ‘रेशमी’ का लिहिलं? तुरट आणि रेशमी एकाच घोटाला कसं लागू पडेल? खरं सांगते, ‘रेशमी’ हा शब्द मालकांनी तीनदा वापरला होता.

‘काळी मिरी’. हा शब्द कल्पनेतला असेल असं मला सुरुवातीला वाटलं होतं. पण इथे भक्कम पुरावा आहे. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी शिराजमधल्या मिरीच्या वासामागचा रेणू शोधून काढला: रोटंडोन. हाच रेणू खऱ्या काळ्या मिरीतही असतो. रेड वाइनमध्ये तो लिटरला फक्त १६ नॅनोग्रॅम असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. म्हणजे १०० कोटी लिटर वाइनमध्ये १६ ग्रॅम! आणि त्यांनी तपासलेल्या माणसांपैकी सुमारे २० टक्के लोकांना मात्रा खूप वाढवूनही तो वास आलाच नाही. म्हणजे दोन परीक्षक ‘मिरी आहे’ आणि ‘मिरी नाही’ असं भांडत असतील, तर दोघंही खरं बोलत असू शकतात. उपकरणंच वेगळी आहेत.

‘रानातल्या वनस्पतींचा वास’. या डोंगरांवर थाइम, रोझमेरी, ज्युनिपरची खुरटी झुडपं असतात, त्या रानाला गारिग म्हणतात. वाइनमध्ये गारिग उतरतं असं इथे जो तो सांगतो. अशक्य नाही. ऑस्ट्रेलियात निलगिरीच्या झाडांजवळच्या वेलींच्या वाइनमध्ये निलगिरीचा रेणू जास्त सापडतो, हे मोजलेलं आहे. पण ते तिथे मोजलं म्हणून इथे थाइमचं आपोआप सिद्ध होत नाही. शिवाय मी गारिगमधून चालत येऊन लगेच पेला नाकाला लावला होता. माझ्या बुटांनाच थाइमचा वास येत होता.

‘चुनखडीचा स्पर्श’. हे सरळ खोडून टाकते. दगडातली खनिजं हवेत उडत नाहीत, त्यामुळे त्यांना वास नसतो. वेल मुळांतून घेते ती विरघळलेली पोषकद्रव्यं, खडकाची चव नाही. ॲलेक्स माल्टमन हे भूशास्त्रज्ञ हे वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. माती वाइनवर परिणाम करते. पाणी किती धरते, किती तापते, यातून करते. मी चुनखडी चाखली नाही. मी ती खिडकीतून पाहिली होती.

बाटलीला मोजा घातला तेव्हा

दोन आठवड्यांनी लॅबमधल्या कोल्हापूरच्या मित्रानं पैज लावली. मळ्यावरून आणलेली १८ युरोची बाटली, आणि सुपरमार्केटमधली त्याच तीन जातींच्या मिश्रणाची ६ युरोची बाटली. दोन्हींना पायमोजे घातले (धुतलेले!). डोळ्यांवर ओढणी. पेले स्टीलचे, आईनं बॅगेत कोंबलेले. दुसऱ्या एका मैत्रिणीनं नाणं उडवून क्रम ठरवला आणि कागदावर लिहून ठेवला. चाखून थुंकायला तपेली. त्या दिवशी मळ्याच्या वाइनबद्दल माझ्या तोंडून निघालं ते असं:

‘तुरट. घशात थोडी जळजळ. पिकलेलं फळ. मिरी आहे. चव फार रेंगाळत नाही. ८६.’

आणि ६ युरोच्या वाइनला मी दिले ८७.

मित्र हसून लोळायचा बाकी होता. पण थांबा. इथे घाईनं निष्कर्ष काढलात तर तुम्हीही माझ्याच खड्ड्यात पडाल. ९२ चे ८६ झाले ते लेबल दिसत नव्हतं म्हणून, असं म्हणता येईल का? नाही. त्या दिवशी पेला काचेचा होता, आज स्टीलचा आणि रुंद तोंडाचा, म्हणजे वास टिकला नसणार. तळघर थंड होतं, माझी खोली तापलेली. बाटली दुसरी. दिवस दुसरा. एकाच वेळी पाच गोष्टी बदलल्या आणि श्रेय एकीला दिलं, तर व्हायव्हाला पहिला प्रश्न त्यावरच येणार.

मग ८६ आणि ८७? त्यांना तरी काही अर्थ आहे का? कुठली चांगली हे विचारण्याआधी, मला दोन्हींतला फरक तरी कळतो का, हे विचारायला हवं. त्यासाठी त्रिकोण चाचणी असते. तीन पेले, दोनांत एक वाइन, तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला ओळखायचा. अंदाजपंचे बरोबर येण्याची शक्यता एक-तृतीयांश. आम्ही सहा फेऱ्या केल्या. माझे चार बरोबर आले.

मी उड्या मारल्या. मग कागद घेऊन बसले. काहीही न कळता, नुसत्या नशिबानं सहापैकी चार किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ७२९ पैकी ७३, म्हणजे साधारण १० टक्के. पाच आले असते तर ७२९ पैकी १३, दोन टक्क्यांच्याही खाली. म्हणजे माझ्या निकालावरून ‘फरक कळतो’ असं ठामपणे म्हणता येत नाही. आणि ‘कळत नाही’ असंही नाही, कारण सहा फेऱ्या फारच थोड्या. प्रामाणिक उत्तर एकच: अजून फेऱ्या हव्यात. थीसिसमध्ये हे वाक्य लिहायला जीव जड होतो. लिहायला शिका.

लोक सांगतात तो प्रयोग, आणि खरा प्रयोग

वाइनचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं: ‘फ्रान्समध्ये तज्ज्ञांना रंग घातलेली व्हाइट वाइन दिली, त्यांना ती रेड वाटली. सगळं ढोंग आहे!’ हा प्रयोग २००१ चा. मोरो, ब्रोशे आणि द्युबुर्दियू या तिघांचा, बोर्दोमधला. मूळ पेपर काढून मेथड्स वाचा. सहभागी ५४ जण हे वाइनशास्त्राचे विद्यार्थी होते, मुरलेले परीक्षक नव्हेत. त्यांना ‘ही रेड की व्हाइट?’ असं विचारलंच नव्हतं. समोर दोन पेले: एकात व्हाइट, दुसऱ्यात तीच व्हाइट पण बिनवासाचा लाल रंग घातलेली. आणि शब्दांची यादी: प्रत्येक शब्द कुठल्या पेल्याला जास्त लागू पडतो ते सांगा. लाल दिसणाऱ्या पेल्याला बहुतेकांनी रेड वाइनचे शब्द दिले.

निष्कर्ष तरीही जबरदस्त आहे. डोळा नाकाला शब्द पुरवतो. पण ‘तज्ज्ञांना काही कळत नाही’ हा निष्कर्ष नाही. दोन पेल्यांत खरा फरकच नसताना दोहोंपैकी एक निवडा म्हटलं, तर माणूस हाताशी असलेला एकमेव फरक वापरणार, तो म्हणजे रंग. संशोधनात जाणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवा: प्रयोग ऐकीव स्वरूपात पसरतो तेव्हा सगळ्यात आधी गळतो तो मेथड्स सेक्शन.

याहून मला बोचला तो रॉबर्ट हॉजसन यांचा २००८ चा अभ्यास. कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या स्पर्धेत त्यांनी परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन तीन वेगवेगळ्या पेल्यांत, न सांगता दिली. तिन्ही वेळा एकाच पदकाच्या टप्प्यात गुण देणारे परीक्षक निघाले साधारण १० टक्के. म्हणजे माझे ८६ आणि ८७ हे दोन गुण नव्हेतच. तो एकच गुण आहे, थोडा हललेला.

मग वाइन कशी आहे?

समीक्षा म्हटल्यावर मत द्यायला हवं, ‘सगळं सापेक्ष आहे’ म्हणून पळता येत नाही. दोन्ही नोंदींत टिकलेले शब्द बघा: मिरी, आणि फळ (पहिल्यांदा जांभूळ, दुसऱ्यांदा नुसतं पिकलेलं फळ). तुरटपणाही मी त्यात धरते, कारण पहिल्यांदा ‘रेशमी’ म्हणून मी त्याच्यावर पांघरूण घातलं होतं. एवढ्याच्या बळावर सांगते: ही वाइन चांगली आहे, थोर नाही. फळ आणि मिरी एकमेकांवर कुरघोडी करत नाहीत, ही मिश्रणाची जमेची बाजू. अल्कोहोल जरा जास्त पुढे येतं. बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून प्यायलो तेव्हा जळजळ बरीच निवली, म्हणजे दोष थोडा वाइनचा आणि थोडा माझ्या तापलेल्या खोलीचा. मित्रानं केलेल्या तांबड्या रश्श्यासोबत मात्र तिची पार वाट लागली. तिखट आणि अल्कोहोल एकमेकांची आग वाढवतात. १८ युरो द्यावेत का? मळा बघितला असेल तर द्या, त्या रविवारच्या आठवणीचे ते पैसे आहेत. नुसत्या चवीसाठी देण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही.

आणि माझ्या स्लाइड्स

आता खरं कारण, ज्यासाठी हे लिहायला बसले. मी झाडांच्या मुळांतल्या मायकोरायझा बुरशीवर काम करते. मुळं रंगवायची, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची आणि बुरशी किती टक्के भागात शिरली आहे ते डोळ्यांनी ठरवायचं. काही तुकडे स्पष्ट असतात. काही असे असतात की बघणारा ‘हो’ही म्हणेल, ‘नाही’ही म्हणेल. आणि प्रत्येक स्लाइडवर, माझ्याच अक्षरात, ट्रीटमेंटचं नाव लिहिलेलं.

पैजेच्या दुसऱ्या दिवशी मी माझी डेटाशीट उघडली आणि पोटात गोळा आला. वर्षभर मी लेबल वाचून वाइन चाखत होते. गाइडना सांगायचं की नाही, यात तीन दिवस गेले. शेवटी सांगितलं. ते म्हणाले, ‘परत मोज.’ लॅबमधल्या मैत्रिणीनं लेबलांवर चिकटपट्टी लावून नुसते नंबर टाकले आणि मी सगळ्या स्लाइड्स पुन्हा मोजल्या. महिना गेला. ट्रीटमेंटचा परिणाम अजून दिसतो, पण आधीच्या जवळपास अर्धा. कॉन्फरन्ससाठी तयार केलेलं पोस्टर मागे घेतलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण उरलेल्या अर्ध्यावर आता माझा विश्वास आहे.

माँपेलिएच्या रेल्वे स्टेशनसमोर एका छोट्या बागेत प्लांशाँ या वनस्पतिशास्त्रज्ञाचं स्मारक आहे. १८६० च्या दशकात इथले मळे भराभर मरत होते आणि कारण कळत नव्हतं. लोक मेलेल्या वेली उकरत, तिथे काहीच सापडत नसे. १८६८ मध्ये प्लांशाँ आणि त्यांच्या सोबत्यांनी अजून धडधाकट दिसणाऱ्या वेलींची मुळं उकरली आणि तिथे फायलोक्सेराचे पिवळसर किडे सापडले. वेल मेली की किडे पुढच्या वेलीकडे निघून जात. त्यानंतरही कित्येक वर्षं मोठमोठे लोक म्हणत राहिले की किडा हे कारण नाही, अशक्त वेलीचा परिणाम आहे. हल्ली स्टेशनला जाताना मी त्या बागेशी जरा थांबते. जे दिसणार असं आपल्याला आधीच वाटतंय, तिथेच न बघण्याची शिस्त. बाकी पीएचडी म्हणजे काय वेगळं आहे?

तर तुमच्यासाठी गृहपाठ. कबूल केल्याप्रमाणे चहाचा. दूध आधी घातलं की नंतर, हे चवीवरून ओळखता येतं का? रोनाल्ड फिशर यांच्या १९३५ च्या पुस्तकात हाच प्रयोग आहे: आठ कप, चार असे, चार तसे, क्रम चिठ्ठ्या टाकून. आठही नुसत्या नशिबानं बरोबर येण्याची शक्यता ७० पैकी १. (आपला उकळलेला चहा चालणार नाही, चहा आणि दूध वेगळं घ्या.) घरात करून बघा. कप भरणारा आणि पिणारा वेगळा हवा, आणि भरणाऱ्यानं पिणाऱ्याच्या समोर बसू नये, तोंडावरून कळतं. निकाल काय येईल ते आधी कागदावर लिहा, घडी घाला, मगच पहिला घोट घ्या.

निकाल कमेंटमध्ये कळवा. फसलेले आधी.